वरचा कोरा कागद

मधू,

तुझ्या शोकसभेत मी भरपूर बोललो. हॉल तोच, आपण दरवर्षी गणपती बसवायचो तो. कार्डिफच्या पहिल्या हिवाळ्यात आपण दोघांनी एकाच हीटरपुढे पाय कसे शेकले ते सांगितलं. शैलावहिनी गेल्यावर तू कसा एकटा पडलास आणि मंडळाने तुला कसं माणसांत आणलं, तेही सांगितलं. लोक रडले, मध्ये मध्ये हसलेही. मला बोलता येतं हे तुला वेगळं सांगायला नको. 'दत्ताला माइक दाखवला की त्याचा संधिवात बरा होतो,' हे तुझंच वाक्य.

घरी परतताना गाडीत सुमन म्हणाली, "सगळं सांगितलंत. तेवढं एक सोडून."

मी काचेवरचं धुकं पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तुझी नेहा आली. ब्रॅकनेलच्या ऑफिसातून तिला थोडीच सुट्टी मिळाली होती. कोटही न काढता म्हणाली, "काका, घर रिकामा करायचा आहे. बाबाचा तो डोंगरवाला पेंटिंग तुम्ही घ्या. यू वेअर हिज बेस्ट फ्रेंड." मी म्हटलं, "बघू." पोरगी एवढ्या मायेने देत होती आणि मी उधारी मागायला आलेल्याला सांगावं तसं 'बघू' म्हणालो. तिचा चेहरा उतरला. माझं काय झालंय ते तिला कळेना, आणि सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

ते चित्र मला घेता येत नाही, मधू. का, ते तुला सांगायचं आहे. तुलाच आधी सांगायला हवं होतं.

तू त्या संध्याकाळच्या क्लासला जायला लागलास तेव्हा मला वाटलं, योगासनं असतील. तू आलास तो ब्रश आणि काळा दगड घेऊन. शिकवणाऱ्या लिनबाई तैवानच्या. त्यांनी सुरुवातीचे कित्येक आठवडे तुला फक्त शाई उगाळायला लावली. दगडावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि शाईची कांडी गोल गोल फिरवत राहायचं. सुमन ते बघून म्हणाली, "अय्या, ही तर सहाण!" मग देवासाठी गंध उगाळताना ती तुझी आठवण काढायची. 'भावजींचा देव कुठला कोण जाणे, पण गंध रोज उगाळतात.'

मी विचारलं, "आणि चित्र कधी काढणार?"

"बाई म्हणतात, आधी डोंगरात जाऊन या. तिथे काही काढू नका, फोटोही नको. नुसतं चाला. घरी येऊन जे उरलं असेल ते काढा."

"आणि काही उरलं नाही तर?"

"तर कागद कोरा. तोही चालतो म्हणे."

मी हसलो होतो. त्या कोऱ्या कागदावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू पहिलं मोठं चित्र मला दाखवलंस, चीनमधले जुने चित्रकार काढत तसं उभं, लांबलचक, गुंडाळून ठेवायचं. खाली खडक, ओढा, मधे डोंगराचा खांदा, आणि वरती जवळजवळ निम्मा कागद कोरा. मी विचारलं, "हे पुरं कधी करणार?"

"झालंय."

"अरे, वर काहीच नाहीये!"

तू इस्पितळात जन्मभर एक्स-रे काढलेस. तेव्हा मला म्हणालास, "एक्स-रेत फुप्फुसं काळी दिसतात ना, ती हवा असते. इथे हवा पांढरी. एवढाच फरक. धुकं काढता येत नाही दत्ता, त्याच्या आजूबाजूचं काढायचं."

मला ते तेव्हा पटलं नाही. मी सगळं आयुष्य कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात काढलं, रिकामी जागा दिसली की तिथे कुणाची तरी सोय लावायची. खाली ओढ्यावरच्या पुलावर तू नखाएवढा एक माणूस काढला होतास. तुझ्या बाईंच्या चित्रात तिथे लांब झग्यातला विद्वान असायचा, तुझ्या माणसाच्या डोक्यावर माकडटोपी होती. ती ओळखून मी खूश झालो आणि म्हटलं, "हा तू आहेस! पण एकटाच का? शेजारी अजून एक काढ. निदान एखादा कुत्रा तरी."

"कुत्रा काढला तर डोंगरभर भुंकेल."

"चेष्टा नको. बिचारा दिसतो."

"बिचारा?" तू चित्र हातभर लांब धरून बघितलंस. "तो मजेत आहे रे. तू त्याला बिचारा करतोयस."

तुझ्याबरोबर डोंगरात जायचा तो ग्विन. मार्केटमागच्या गल्लीत त्याचं फ्रेमचं दुकान होतं. तू आधीचं एक छोटं चित्र घेऊन गेलास, त्याने ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हा कुठला डोंगर. तू सांगितलंस, तुमचाच, इथला वेल्समधला, ब्रेकनचा. मग दर शनिवारी तुम्ही दोघं जायला लागलात. काय बोलता दिवसभर, असं मी विचारलं, तर तू म्हणालास, "काही नाही. तो पुढे असतो, मी मागे. कधी मी पुढे." एकदा मी हट्टाने बरोबर आलो. मंडळाच्या घटनेत कोणते बदल हवेत ते मी तुला सबंध चढभर समजावून सांगितलं. वर पोचल्यावर ग्विनने थर्मासमधला चहा ओतत तुला विचारलं, "तुमचे मित्र रेडिओ घेऊन आलेत, की तो त्यांच्यातच बसवलेला आहे?" तू चहा सांडेपर्यंत हसलास. मीही हसलो. पण मला ते लागलं, मधू. माझ्या इतक्या वर्षांच्या मित्राला माझ्याशिवाय कुणाबरोबर तरी बरं वाटतं, तेही न बोलता, हे मला सहन झालं नाही. हे मी आजच पहिल्यांदा लिहितोय.

मिलेनियमच्या वर्षी गणपतीत आपण चित्रांचं प्रदर्शन ठेवलं. सेक्रेटरी मी. नेमकं तुझ्या ताईंच्या ऑपरेशनसाठी तुला पुण्याला जावं लागलं. जाताना तू चित्राची गुंडाळी माझ्या हातात दिलीस. एक हिवाळाभर चालून, मग कित्येक कागद फाडून काढलेलं ते चित्र, हेच, माकडटोपीचं. म्हणालास, "ग्विनकडे दे. फ्रेम कशी करायची ते त्याला ठाऊक आहे. वरचं मोकळं तसंच राहू दे म्हणावं."

प्रदर्शनाचे बोर्ड लायब्ररीतून उसने आणले होते, त्यांची उंची ठरलेली. तुझं चित्र मी डायनिंग टेबलावर उलगडलं तर ते टेबलाच्या कडेवरून खाली उतरलं. बोर्डावर ते बसणार नव्हतं. भिंतीवर लावायचं तर एकच जागा होती, टॉयलेटकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये. ते माझ्या जिवावर आलं. तुझं चित्र मला मधोमध, गणपतीच्या समोरच्या बोर्डावर लावायचं होतं. सगळ्यांनी बघावं, तुझं कौतुक करावं, आणि तू परत आमच्यात यावंस.

सुमन म्हणाली, "अहो, भावजींना विचारा तरी."

"पुण्याला फोन लागतोय कुठे."

फोनकार्ड ड्रॉवरमध्ये होतं. मी फोन लावलाच नव्हता.

मी सुमनची ब्लाउजं बेतायची कात्री घेतली आणि वरचा भाग कापला. कोराच तर आहे, असं म्हणत कापला. मग उरलेलं चित्र ग्विनच्या दुकानात नेऊन दिलं. ग्विन आत कुणाशी बोलत होता. मी ते काउंटरवरच्या पोराकडे सोपवलं, माप सांगितलं आणि निघालो.

तो कागद ग्विनने कापला नाही, मधू. मी कापला.

कापलेला कागदही मला फेकवेना. इतका छान, हाताने केलेला, पांढराशुभ्र. मी त्याचे तुकडे केले आणि महाप्रसादाच्या टेबलावर ठेवायला पाट्या लिहिल्या. मसालेभात. अळूची भाजी. खाली गोऱ्या पाहुण्यांसाठी इंग्रजीत, 'कंटेन्स नट्स'. त्या कागदावर मार्करची शाई पसरत होती. तुझ्या धुक्यावर मी 'कंटेन्स नट्स' लिहिलं आणि ते पसरतंय म्हणून मार्करला शिव्या दिल्या.

तू विमानतळावरून कोचने थेट हॉलवर आलास. आरती नुकतीच संपली होती, माझ्या हातात तबक होतं. तू बॅग खाली ठेवून चित्रापुढे उभा राहिलास. आजूबाजूची मंडळी म्हणत होती, वा मधुकरराव, काय डोंगर काढलाय. डोंगर फ्रेमच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता, छताला डोकं लागलेल्या माणसासारखा.

"वरचं कुठंय?" तू विचारलंस.

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. तू रागावला असतास, दोन दिवस बोलला नसतास, आणि मग नेहमीसारखा चहाला आला असतास. मी म्हणालो, "फ्रेम करताना ग्विनने कापलं असणार. बोर्डाला बसेना ना."

"ग्विनने?"

"असंच दिसतंय."

तू तबकावरून हात फिरवून डोळ्यांना लावलास आणि जेवायच्या रांगेत गेलास. अळूच्या भाजीपुढे पाटी आडवी पडली होती. ती उचललीस, बोटांत धरलीस, पुन्हा नीट उभी केलीस. मला म्हणालास, "अक्षर फुटलंय रे तुझं." बस, एवढंच. तेव्हा तुला कळलं का? इतकी वर्षं हे विचारायचं मला धाडस झालं नाही, आणि आता विचारायला तूच नाहीस.

त्यानंतर तुझे शनिवार थांबले. काही महिने तू एकटाच डोंगरात जायचास, मग गुडघ्याने तेही सुटलं. मार्केटमागच्या गल्लीतून जायचं झालं की तू पलीकडच्या फुटपाथवरून जायचास. आणि मी? मी मंडळात दोघाचौघांना सांगितलं, त्या फ्रेमवाल्याकडे काही देऊ नका, चित्रं कापतो. लोकांनी ऐकलं. तू आमच्या पत्त्यांच्या डावाला येऊन बसायला लागलास. मी सुमनला म्हटलं, "बघ, आला की नाही माणसांत?" ती उठून गेली. मी तुझं एकटेपण घालवत होतो. प्रत्यक्षात ज्याच्याबरोबर तुला एकटं राहता येत होतं असा एकच माणूस होता, आणि तोच मी तुझ्यापासून तोडला.

याचा धडाही मी घेतला नाही. या हिवाळ्यात तू वॉर्डमध्ये होतास तेव्हा मी भेटायला येणाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. एक तासही मोकळा जाऊ द्यायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं. एका दुपारी तू म्हणालास, "दत्ता, आज कुणी नको. खिडकी पुरे आहे." मी तुझी चादर सारखी केली, "असं म्हणू नये" म्हणालो आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये बसलेल्या मंडळींना आत बोलावलं. तू गेलास तेव्हा खोलीत आम्ही तिघं होतो. इस्पितळाच्या पार्किंगबद्दल बोलत होतो. तुझं तोंड खिडकीकडे होतं. आम्ही बोलायचं थांबलो ते नर्स आल्यावर.

नेहाला 'बघू' म्हटल्यावर मी आधी ग्विनकडे गेलो. दुकान केव्हाच बंद झालंय. तो आता व्हॅलीत, डोंगराच्या उतारावरच्या एका घरात राहतो. बसमधून उतरून चढ चढून मी बेल वाजवली. त्याने दार उघडून मला न्याहाळलं.

"रेडिओ," तो म्हणाला.

मी दारातच सगळं सांगितलं. तू गेलास तेही, कात्रीचंही. तू गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. तो चौकटीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "चित्र माझ्याकडे आलं तेव्हाच तेवढं होतं. मी मधूला तसं सांगितलं होतं."

"मग? तो काय म्हणाला?"

"म्हणाला, दत्ता तसं करणार नाही."

मी पायपुसण्यावर बूट घासत राहिलो.

"मी म्हटलं, म्हणजे मी खोटं बोलतोय का. तो म्हणाला, नाही, तूही नाही. मग बराच वेळ उभा राहिला आणि गेला. पुन्हा आला नाही." ग्विनने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही यायला फार वेळ लावलात."

त्याने मला आत ये म्हटलं नाही. पण दार उघडंच ठेवून आत गेला आणि किटली लावल्याचा आवाज आला, म्हणून मी गेलो. आम्ही खिडकीशी बसून चहा घेतला. समोर डोंगर होता, अर्ध्यापर्यंत ढगात. तुला हे खोटं वाटेल, पण कप रिकामा होईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. निघताना त्याने विचारलं, "चित्र कुठे आहे?"

"मधूच्या भिंतीवर. फार खाली लावलंय."

येताना बसमध्ये मी तेच घोळवत होतो. तू खरोखर माझ्यावर विश्वास ठेवलास का? की ग्विनकडे जात राहिलास तर मी खोटा ठरेन, आणि मग माझ्याकडे येता येणार नाही, म्हणून जाणं सोडलंस? दोघांपैकी एकालाच ठेवता येणार होतं आणि तू मला ठेवलंस, हे जर खरं असेल तर मी ते कुठे ठेवू?

मग तुझ्या घरी आलो. नेहा खोकी भरत होती. तिलाही सांगितलं. ती टेपचं टोक बोटाला चिकटवून तशीच उभी राहिली.

"बाबाला तुम्ही कधी बोलले नाही हे?"

"नाही."

"मग मला नका सांगू काका. बाबाला सांगा." आणि वर गेली. पायऱ्यांवर तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

तुझ्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या नव्हत्या, चॅरिटी शॉपवाले घेऊन गेले होते. माझे गुडघे तुला माहीत आहेत. तरी भिंतीला धरून मी जमिनीवर बसलो. समोर तुझं चित्र. किती चेष्टा केली होती आम्ही त्यावरून! चित्र लावलंस ते जमिनीपासून हातभर उंचीवर, आणि वरची सबंध भिंत रिकामी. मी म्हणायचो, "मधू, हे काय मांजराने बघायचं चित्र आहे? आणि भिंत किती ओकीबोकी दिसते." दर जानेवारीत मी मंडळाचं कॅलेंडर आणायचो. एकदा हातोडी आणून खिळाही मीच ठोकला, बरोबर मधोमध, आणि कॅलेंडर लावून टाकलं. तू म्हणालास, "छान."

आता तिथे नुसता खिळा होता. मला वाटलं नेहाने कॅलेंडर काढलं. ती खाली आल्यावर विचारलं, तर रडता रडता हसली. "ते ड्रॉवरमध्येच असायचा, काका. तुमची गाडी दिसली की बाबा पळत जाऊन लावायचा. गुडघा दुखायचा तरी पळायचा."

मी तसाच बसून राहिलो. तुझ्या आरामखुर्चीच्या खुणा गालिच्यावर अजून होत्या, आणि त्या माझ्या बाजूलाच होत्या, चित्रासमोर. खालून बघितलं. पूल. माकडटोपी. डोंगराचा खांदा. तिथे डोंगर फ्रेमला टेकत होता, पण फ्रेम पातळ होती आणि भिंत पांढरी, आणि डोळा वर सरकला की फ्रेम उरत नव्हती. वरपर्यंत काही नव्हतं. मी कापलं होतं त्याच्या कितीतरी पट जास्त मोकळं होतं.

म्हणजे इतकी वर्षं तू त्याच्यासमोर बसत होतास. मी येऊन 'भिंत रिकामी' म्हणत होतो, तिथे खिळा ठोकत होतो, आणि तू मला चहा करत होतास.

मधू, चित्र मी घेत नाही. ते ग्विनकडे पोचवतो. नेहाला विचारलं, ती 'ओके' म्हणाली. खाली लावा म्हणून सांगेन, पण त्याला सांगावं लागणार नाही. हे सगळं मंडळाच्या अंकात छापायला देतोय, म्हणजे ज्यांना मी ग्विनबद्दल सांगितलं होतं त्यांनाही वाचता येईल. शोकसभेतलं माझं भाषण कुणाच्या लक्षात राहिलं असेल तर त्यांनी ते विसरावं. तू एकटा पडला नव्हतास.

निघायच्या आधी मी नेहाकडून पक्कड मागितली. खिळा मी चांगलाच ठोकला होता, सहज निघेना. निघाला तेव्हा भिंतीवर एक काळं टिंब राहिलं. नेहा म्हणाली, "थांबा काका, फिलर आहे किचनमध्ये, आय कॅन कव्हर इट."

ती आणायला गेली. मी पुन्हा खाली बसलो. खालून ते टिंब फार दूर गेलेल्या पक्ष्याएवढं दिसत होतं. ती परत आली तेव्हा मी फक्त हात वर करून तिला थांबवलं, आणि फिलरचा डबा खाली ठेवून तीही माझ्या शेजारी बसली.